सड्यावरची नखाएवढी फुलं: पावसाळी मॅक्रोसाठी उजेड, उंची आणि वारा

कातळफूल (धागालेख)

कास पठारावरच्या फुलांच्या गालिच्यांचे फोटो दर सप्टेंबरात ढिगाने येतात. हा धागा त्या गालिच्यातल्या एकेका फुलाच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोसाठी (मॅक्रो) काढतोय. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, आभाळी, कावळा ही सगळी मंडळी. सीतेच्या आसवांचं फूल जेमतेम १ सेंटीमीटर, गेंदाचा पांढरा गोंडा बहुधा त्याहूनही लहान, किडे खाणाऱ्या दवबिंदूच्या जमिनीला चिकटलेल्या पानांची चकती दोन-तीन सेंटीमीटर. जांभ्याचा सडा (उघड्या कातळाचं पठार), त्यावर बोटभर माती आणि चार महिन्यांचं पाणी, एवढ्या भांडवलावर हे उगवतं. कास, चाळकेवाडी, आंबोली, रत्नागिरी-राजापूरकडचे कमी उंचीचे सडे, कुठेही गेलात तरी तंत्र तेच.

नवा माणूस पैसे लेन्सवर घालवतो आणि फोटो बिघडतो उजेडापायी नि कॅमेऱ्याच्या उंचीपायी. म्हणून लेन्सची चर्चा प्रतिसादांत करू, आधी हे.

उंची: फूल जमिनीपासून ८-१० सेंटीमीटरवर असेल तर लेन्सचा मध्यही तेवढ्याच उंचीवर हवा. उभ्याने खाली रोखून काढलं की मागे चिखल आणि गवताची काडी न् काडी येते, कारण फूल आणि जमीन यांच्यात अंतरच उरत नाही. कॅमेरा खाली आणला की पार्श्वभूमी एकदम दोन-तीन मीटर मागे जाते आणि एफ ५.६ लाही सगळं विरघळतं (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, ॲपर्चर; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). बऱ्याच ट्रायपॉडांची मधली दांडी काढली तरी कॅमेरा १५-२० सेंटीमीटरवर अडकतो, त्यामुळे सड्यावर बीनबॅग बरी. जाड कापडाची साधारण २० बाय २५ सेंटीमीटरची पिशवी, आत दीड किलो वाटाणे, पाऊण भरलेली. गच्च भरली तर कॅमेरा त्यावर बसत नाही, घरंगळतो. वाटाणे आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग कापडात घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोड येतात.

आडवं पडायचं ते उघड्या कातळावर. माती असेल तिथे नाही. त्या बोटभर मातीतच पुढच्या वर्षीचं बी असतं आणि कोपर टेकवलं की दहा-बारा रोपं जातात.

स्पष्टतेचा पट्टा: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ ला (फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं) एफ ८ ठेवलं तर फोकसमध्ये येणारी जाडी सुमारे १ मिलीमीटर. १:२ ला तोच एफ ८ जवळपास ३ मिलीमीटर देतो. तिप्पट फरक आहे हा. त्यामुळे फूल फ्रेमभर भरायच्या मोहात न पडता १:२ ला काढा आणि नंतर कापा. आजच्या २४ मेगापिक्सेलला ते सहज झेपतं.

एफ १६, एफ २२ पर्यंत बंद करायची सवय मात्र सोडा. १:१ ला लेन्सवर एफ ८ असलं तरी प्रत्यक्षात ते एफ १६ सारखं वागतं, एफ ११ चं २२ होतं. त्यापलीकडे विवर्तनामुळे (छोट्या छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. निकॉन हा बदललेला आकडा स्क्रीनवर दाखवतं, कॅनन तुम्ही लावलेलाच दाखवतं. दोघांनी आपापले आकडे घेऊन भांडण्यात अर्थ नाही.

त्या मिलीमीटरभर पट्ट्यात काय बसवायचं हे ठरवणं हीच खरी कसरत. सीतेची आसवं समोरून काढली तर ओठ स्पष्ट आणि मागचं शेपूट गायब. बाजूने काढली तर वरचा ओठ, खालचा ओठ, शेपूट आणि देठ असं सगळं एका पातळीत येतं. सेन्सर त्या पातळीला समांतर ठेवा. फक्त हे केलंत तरी अर्धे फोटो सुधारतील.

उजेड: ऑगस्टातलं भरून आलेलं आभाळ हा फुकटचा डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) आहे. त्या उजेडात एफ ५.६, शटर १/२००, आयएसओ ४०० ते ८०० ही सुरुवात. ढग फारच दाटले किंवा वारा असेल तर फ्लॅश. पण नुसता फ्लॅश मारला की ओल्या पाकळीवर पांढरा ठिपका पडतो आणि फूल प्लॅस्टिकचं दिसतं.

घरचा डिफ्यूझर असा: फ्लॅशच्या तोंडावर बटर पेपरचा एक थर. त्याच्यापुढे १०-१२ सेंटीमीटरवर, ए४ आकाराचा, टीव्हीच्या खोक्यात येतो तसल्या पातळ पांढऱ्या फोमचा कमानदार पडदा. पडद्याची खालची कड लेन्सच्या टोकाच्या जरा पुढे आणि वर आली पाहिजे. १०० मिलीमीटर मॅक्रोला १:१ ला लेन्सच्या टोकापासून फूल १३-१४ सेंटीमीटरवर असतं. तेवढ्या जवळून ए४ चा पडदा फुलाला आभाळाएवढा दिसतो. हा पडदा दोनेक स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/८ ते १/१६ वर ठेवावा लागतो.

तपासायला सायकलच्या बेअरिंगमधली एक गोळी घ्या आणि तिचा फोटो काढा. गोळीवर चकाकीचा जो आकार उमटेल तोच प्रत्येक थेंबावर उमटणार. मधोमध कडक पांढरा डाग दिसला तर आतला बटर पेपर फ्लॅशपासून आणखी लांब न्या किंवा अजून एक थर चढवा. कडा मऊ उतरत गेलेला चौकोन दिसेपर्यंत बदल करत राहा. हे घरीच उरकायचं, सड्यावर नाही.

वारा: सड्यावर वारा थांबत नाही, त्याला लय असते. दोन झुळकांमध्ये फूल क्षणभर मूळ जागी येतं, तेव्हा चार-पाच फोटोंचा बर्स्ट. छत्री वाऱ्याच्या बाजूला आडवी टेकवली की बराच फरक पडतो. काळी छत्री उजेड गिळते, पांढरी किंवा फिकट घ्या. देठाला चिमटा लावून धरायची उपकरणं मिळतात, पण या फुलांचे देठ दोऱ्याएवढे असतात. चिमट्यात चिरडतात.

ओली_चप्पल

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). मोबाइलवाल्यांसाठीही काही लिहा की. सगळ्यांकडे डीएसएलआर नसतो.

भिंगरी

@ओली_चप्पल, मोबाइलमध्ये मॅक्रो दोन प्रकारचा असतो. वेगळी २ मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स दिली असेल तर ती विसरा, साध्या मुख्य कॅमेऱ्यातून काढून कापलेला फोटो त्याहून चांगला येतो. अल्ट्रावाइड लेन्सलाच ऑटोफोकस असेल आणि ती २-३ सेंटीमीटरपर्यंत फोकस करत असेल तर कामाची. पण तेवढ्या जवळ गेलं की मोबाइलचीच सावली फुलावर पडते. त्यावर उपाय: मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खालच्या कडेला येतो. तो जमिनीलगत जातो आणि सावलीही मागे पडते. मोबाइल स्वतःहून लेन्स बदलतो तेव्हा फ्रेम एकदम उडी मारल्यासारखी हलते, ते सेटिंगमधून बंद करता आलं तर करा.

ऑलिंपस टीजी ६ सारखा वॉटरप्रूफ कॅमेरा हा मधला मार्ग. लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो, आतल्या आत स्टॅकिंगही (फोकस सरकवत काढलेले फोटो एकात जोडणं) करतो आणि पाऊस आला म्हणून पळावं लागत नाही. सेन्सर लहान, त्यामुळे ढगाळ उजेडात आयएसओ वाढला की बारीक दाणा दिसतो.

डीएसएलआर किंवा मिररलेस आहे आणि मॅक्रो लेन्स नाही, त्यांच्यासाठी स्वस्तातले तीन मार्ग:

क्लिप-ऑन भिंग. रेनॉक्स डीसीआर २५० हे ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद), डीसीआर १५० हे ४.८ चं. हिशोब सोपा. लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले डायॉप्टर भागिले १०००. म्हणजे ५५-२५० च्या लेन्सवर २५० ला डीसीआर १५० लावलं की १.२ पट, डीसीआर २५० लावलं की २ पट. दोन पटीवर हातात धरून काढणं म्हणजे छळ आहे. सड्यासाठी १५० च घ्या. त्याचं अंतरही २० सेंटीमीटरच्या आसपास मिळतं, २५० चं १२ च.

एक्स्टेन्शन ट्यूब. ५० मिलीमीटर लेन्समागे ३६ मिलीमीटरची ट्यूब म्हणजे ०.७२ पट, अधिक लेन्सचं स्वतःचं थोडं. विजेचे संपर्क असलेल्याच घ्या, बिनसंपर्काच्या स्वस्त ट्यूबमध्ये ॲपर्चर बदलत नाही. तोटा असा की भर पावसात ट्यूब काढघाल करताना सेन्सर उघडा पडतो. घरूनच चढवून निघा.

उलटी लेन्स. सगळ्यात स्वस्त, पण सड्यावर सगळ्यात त्रासाची. लेन्सचा मागचा भाग उघडा राहतो आणि दमट हवा थेट आत जाते. पावसाळ्यात नकोच.

निम्मा_उजेड

धागा उत्तम, पण फ्लॅशच्या बाबतीत असहमत. सड्याचा जीव त्या ढगाळ, ओल्या उजेडात आहे. फ्लॅशने मागचं सगळं काळं होतं आणि दिवसा काढलेला फोटो रात्रीचा दिसतो. फूल स्टुडिओत आणून काढल्यासारखं.

दवबिंदूचंच घ्या. त्याच्या केसांच्या टोकावरचे थेंब हे पाणी नसून चिकट द्रव आहे, दुपारीही वाळत नाही. त्यामुळे फवारणीची बाटली घेऊन फिरायची गरज नाही. उलट पाणी मारलं की तो द्रव पातळ होऊन ओघळतो, झाडाचा सापळाच निकामी होतो आणि फोटोत थेंब नुसते पाण्याचे दिसतात.

आठ-नऊ वाजता, सूर्य खाली असताना, झाड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये घ्या. अगदी सरळ रेषेत नको, ३०-४० अंश बाजूला. मागे सावलीतला कातळ किंवा काळं डबकं येईल अशी जागा शोधा. एक्स्पोजर एक स्टॉप कमी. लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर टोपीची सावली धरा, नाहीतर सगळ्यावर पांढरट धुरकटपणा येतो. प्रत्येक केस आणि प्रत्येक थेंब लाल-सोनेरी पेटतो. एफ ४ ला फोकसबाहेरचे थेंब गोल दिसतात, एफ ११ ला ॲपर्चरच्या पात्यांमुळे त्यांचे षट्कोन-सप्तकोन होतात. हे कुठल्याही डिफ्यूझरने जमणार नाही.

कातळफूल

@निम्मा_उजेड, दवबिंदूबद्दल १००% मान्य. काळ्या पार्श्वभूमीचा दोष मात्र सेटिंगचा आहे. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. फूल १४ सेंटीमीटरवर आणि मागचं गवत मीटरभर लांब असेल तर गवतापर्यंत काही पोचतच नाही. १/२००, आयएसओ १०० ठेवलं की काळंच येणार. आयएसओ ८००, शटर १/८०, आणि फ्लॅश न लावता एकदा फोटो काढून बघा: तो एक स्टॉप काळसर यायला हवा. मग फ्लॅश १/३२ वर लावा. मागचा हिरवा उजेड नैसर्गिक, फुलाचा तपशील फ्लॅशचा.

निम्मा_उजेड

आणि १/८० ला वारा आला की फ्लॅशच्या कडक प्रतिमेभोवती नैसर्गिक उजेडाची हललेली दुसरी प्रतिमा उमटते. भुतासारखी. सड्यावर वारा कधी नसतो?

कातळफूल

तो धोका आहेच. म्हणून छत्री.

टिपूर

रंगाबद्दल कोणी बोललं नाही. सीतेची आसवं डोळ्यांना निळसर जांभळी दिसतात आणि कॅमेऱ्यात सरळ निळी येतात, ही तक्रार सगळ्यांची असते. जांभळ्यातल्या ज्या लहान तरंगलांबीला डोळा थोडा तांबूस प्रतिसाद देतो, तिथे सेन्सरचा लाल चॅनल जवळजवळ गप्प बसतो. त्यात भर ऑटो व्हाइट बॅलन्सची. फ्रेममध्ये हिरवं जास्त असलं की तो बिचारा तोल सावरायला सगळ्यावर गुलाबी झाक चढवतो.

रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. त्याच उजेडात, फुलाच्या जागी, एक फोटो राखाडी कार्डाचा घ्या. ढग बदलले की पुन्हा घ्या. घरी आधी कार्डावरून व्हाइट बॅलन्स लावायचा, मग फक्त निळ्याचा ह्यू जांभळ्याकडे थोडासा सरकवायचा. कार्डाशिवाय हा स्लायडर हलवलात तर आभाळी आणि सीतेची आसवं एकाच रंगाची होतात, आणि दोन्ही चुकीची.

दुसरं, तेरडा आणि सोनकी. कासच्या गुलाबी तेरड्यात लाल चॅनल फाटतो (मर्यादेबाहेर जाऊन तपशील पुसला जातो) आणि पांढऱ्या हिस्टोग्रॅमवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, काहीच कळत नाही. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम चालू करा. लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप खाली. सोनकीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही फाटतात, पाकळीवरच्या शिरा कायमच्या जातात. त्या नंतर कशानेही परत येत नाहीत.

हर्बेरियम

फोटो सुंदर येतात, पण ओळखीसाठी विचारणा आली की निम्म्या वेळा उत्तर देता येत नाही. एकच समोरून काढलेलं फूल, मागे मखमली हिरवं. पान कुठे आहे?

पुढच्या वेळी सुंदर फोटो झाल्यावर त्याच झाडाचे आणखी पाच काढा, एफ ११ ला, कसेही. पूर्ण झाड जागेसकट. फूल बाजूने, देठाजवळचा हिरवा भाग आणि केस दिसतील असं. पानाची वरची बाजू. पानाची खालची बाजू, पान न तोडता, बोटाने हलकेच उलटून. आणि शेजारी मोजपट्टी. मोजपट्टी नसेल तर नाणं ठेवा, पण कोणतं नाणं ते लिहा.

तेवढ्यानेही काही गोष्टी सुटत नाहीत हे मान्य करा. गेंदाच्या जाती गोंड्यातली एकेक फुलकी आणि बी भिंगाखाली बघून ठरतात. फोटोवरून ‘गेंद, जात माहीत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर. सीतेच्या आसवांच्या भाईबंदांतही बरेचदा फळाला धरलेला पाकळीखालचा भाग आणि बी लागतं. तेव्हा सप्टेंबरअखेर त्याच जागी फळांचे फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं. त्या काळात मात्र कॅमेरे घरी गेलेले असतात.

कावळ्याबाबत एक: ‘मिकी माऊस’ म्हणून सगळे समोरून काढतात, दोन लाल ठिपके दिसावेत म्हणून. जात ओळखायला त्याच्या पाकळीखालच्या हिरव्या भागावरचे केस लागतात. बाजूने काढा.

पाऊलखूण

कासचं सगळ्यात मोठं व्यावहारिक त्रांगडं कोणी मांडलं नाही. ठरलेल्या वाटेबाहेर पाय टाकायचा नाही, आणि तो नियम बरोबरच आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेल्यापासून गर्दी तर विचारू नका. म्हणजे फूल वाटेपासून ४०-५० सेंटीमीटर आत आणि तुमची १०० मिलीमीटर मॅक्रो १४ सेंटीमीटरवर फोकस करते. करायचं काय?

७०-३०० लेन्स आणि २ डायॉप्टरचं दोन काचांचं क्लोज-अप भिंग, उदाहरणार्थ कॅनन ५००डी. ते कुठल्याही कंपनीच्या लेन्सवर फिल्टरसारखं बसतं, फक्त मापाचा आटा बघून घ्या. लेन्स अनंतावर फोकस केली की फूल बरोबर ५० सेंटीमीटरवर स्पष्ट. ३०० ला ०.६ पट. पार्श्वभूमीही लांबच्या लेन्समुळे अरुंद आणि स्वच्छ येते. तीनशे-चारशे रुपयांना मिळणारा एका काचेच्या भिंगांचा संच घेऊ नका, कडेला जांभळ्या-हिरव्या रेघा येतात.

डबक्यांतला वायतुरा काढायलाही हाच संच. सोबत पोलरायझर लावा. पाण्यावरचं आभाळाचं प्रतिबिंब कापलं जातं आणि दोन फाट्यांचा गुलाबी-पांढरा तुरा उठून दिसतो. दीड-दोन स्टॉप जातात, त्यामुळे आयएसओ वाढवायची तयारी ठेवा. पोलरायझर पूर्ण फिरवून पाणी अगदी काळं करू नका, डबकं आहे हेच कळेनासं होतं.

स्टॅकवाला

फोकस स्टॅकिंग. यावर लोक उगाच घाबरतात किंवा उगाच सगळीकडे वापरतात.

कधी: फूल स्थिर, वारा पडलेला, कॅमेरा बीनबॅगवर. सड्यावर अशी वेळ पहाटे साडेसहा ते आठ, पावसाची उघडीप असताना. बाकी वेळी एकच फोटो नीट काढा.

किती: समजा १:२ आणि एफ ५.६. पट्टा सुमारे २ मिलीमीटर. दोन फोटोंत तिसरा हिस्सा एकावर एक यायला हवा, म्हणजे पाऊल १.३ मिलीमीटर. १० मिलीमीटर खोल फुलाला ८ फोटो. १:१ ला एफ ८ वर ८ मिलीमीटरसाठी १३ च्या आसपास. वीस-तीस फोटो लागत असतील तर तुम्ही फार जवळ गेलात.

कॅमेऱ्यातल्या फोकस ब्रॅकेटिंगमध्ये पावलाचा आकडा १ ते १० असा काहीतरी असतो आणि तो मिलीमीटर नसतो. घरी मोजपट्टी ४५ अंशात टेकवून प्रत्येक आकड्याला किती सरकतं ते एकदा बघून ठेवा. अंतर आणि ॲपर्चर बदललं की तेही बदलतं, म्हणून दोन-तीन नेहमीच्या जोड्यांसाठीच करा. पहिला फोकस फुलाच्या सगळ्यात पुढच्या टोकाच्याही किंचित अलीकडे. नेमकं टोकावरून सुरू केलं तर एखादा केस कायमचा अस्पष्ट राहतो.

इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश चालत नाही, आणि वाऱ्यात देठ वाकडा झालेला दिसतो.

जोडणी: झेरीन स्टॅकर या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती आहेत. डीमॅप रंग आणि पोत जसाच्या तसा ठेवते, पण एकावर एक आडवे आलेले केस तिला झेपत नाहीत, त्यांच्याभोवती धूसर कडा उमटते. पीमॅक्स केस अचूक सोडवते, पण दाणा आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. दवबिंदूला पीमॅक्स, तेरड्याच्या गुळगुळीत पाकळीला डीमॅप. दोन्ही काढून पीमॅक्सवर डीमॅपच्या पाकळ्या रंगवणं हे सगळ्यात चांगलं. हेलिकॉन फोकसमध्ये पीमॅक्ससारखी सी आणि डीमॅपसारखी बी. फुकटात हवं तर ह्यूजिनसोबत येणारी जुळवणीची आज्ञावली आणि एनफ्यूज. वेळ लागतो, निकाल बरा येतो.

जोडल्यावर एकच पाकळी दुहेरी दिसली तर मधल्या एखाद्या फोटोत वारा होता. तो शोधून काढून टाका, पुन्हा जोडा. मुंगी चालत गेली असेल तर तिच्या सहा-सात प्रती दिसतील, त्यावर इलाज नाही.

ओली_चप्पल

मुंग्यांची वरात :)) लेन्सला बुरशी लागते त्याबद्दल कोणी सांगेल का? कोकणात राहणाऱ्यांचा हा जुनाच रोग.

सागरगोटा

@ओली_चप्पल, बुरशी ६०-६५ टक्क्यांपुढच्या दमटपणात वाढते आणि कोकणात जून ते सप्टेंबर घरातही तेवढा दमटपणा सहज असतो. त्यामुळे कपाट चालणार नाही, चामड्याची केस तर अजिबात नाही. रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के राखायचं. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं.

जेल नारिंगी घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. निळ्यातून गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात तापवायला नको. नारिंगी जेल ओटीजी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की परत कोरडं. तव्यावर तापवू नका, खालचं जळतं आणि वरचं ओलंच राहतं. तांदळात कॅमेरा पुरायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. पीठ लेन्सच्या कड्यात जातं.

तपासणी: ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले की बुरशी. सुरुवातीला साफ होते. उशीर झाला तर तिचं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, मग साफ करूनही डाग राहतो.

बुरशीपेक्षा रोजचा त्रास म्हणजे वाफ. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की थंड काचेवर दव धरतं, आणि ते पुसत बसलं की पुन्हा धरतं. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा, किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून उतरा आणि अर्ध्या तासाने उघडा. पुसायची कापडं तीन, तिन्ही वेगळ्या झिप पिशव्यांत. एक भिजलं की संपलंच.

रातकिडा

आंबोलीला जाणाऱ्यांसाठी. तिथला टोड (झँथोफ्राइन टायगेरिना) जगात फक्त त्याच परिसरात सापडतो आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या इंचभर पाण्यात अंडी घालतो. ते डबकं तुम्हाला पायाखालचा ओला खड्डा वाटेल. जूनमध्ये आंबोलीच्या सड्यावर पाणी साठलेल्या कुठल्याही खळग्यात पाय टाकायचा नाही.

बेडूक हातात घेऊ नका. त्याची कातडी सगळं शोषते. हातावरचं सनस्क्रीन आणि डासांचं मलम त्याच्यासाठी विष आहे. एका डबक्यातून दुसरीकडे बूट नेताना चिखल घासून, पूर्ण वाळवून न्या, बुरशीजन्य आजार याच मार्गाने फिरतो. झुडुपी बेडकांत नुसत्या फोटोवरून जात ठरवणं जोखमीचं, मोबाइलवर आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवा. तो गायचा थांबला तर टॉर्च बंद करून बाजूला व्हा.

कातळावर झोपायच्या आधी टॉर्चने आजूबाजूच्या भेगा आणि सुटे दगड बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर फुरसं भरपूर, आणि ते जांभ्याच्या रंगात हरवून जातं. गमबूट पायाला वाचवतात, कोपराला नाही. दगड उलटायचा नाही. उलटलाच तर होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा, खालचा ओलावा गेला की तिथली वस्ती मरते.

पाऊलखूण

+१. आणि जागा. कंदीलपुष्पाचा फोटो टाकताना गावाचं नाव, टेकडीचं नाव, मागे ओळखू येणारी पवनचक्की, काही नको. त्याचे कंद खाण्यासाठी उकरतात आणि शौकीन लोक रोपंही नेतात. मोबाइलच्या फोटोत जीपीएस असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो पुसला जातो, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जसाच्या तसा जातो. चांगल्या दर्जासाठी सगळे डॉक्युमेंटच पाठवतात, तिथेच घोळ होतो.

हर्बेरियम

आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) संकटग्रस्त जातींची जागा आपोआप अस्पष्ट होते, सुमारे २२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेही ठिपका दिसतो. पण ओळख चुकीची किंवा ‘वनस्पती’ एवढीच टाकलीत तर ते संरक्षण लागू होत नाही. शंका असेल तेव्हा जागा हातानेच ‘अस्पष्ट’ करा. पूर्ण ‘खाजगी’ करू नका, अभ्यासाला निरुपयोगी ठरते.

ओली_चप्पल

शेवटची शंका. दवबिंदूचं फूल कायम मिटलेलंच मिळतं. वेळ चुकतेय का?

निम्मा_उजेड

हो. ते फूल चांगल्या उजेडात थोडेच तास उघडं असतं आणि दिवसभर ढग असले तर नीट उघडतही नाही. उन्हाची उघडीप असलेली सकाळ धरा, नऊ ते अकराच्या दरम्यान जा. आधी साडेसात-आठला पानांचे थेंब उजेडाविरुद्ध काढून घ्या, मग त्याच झाडापाशी थांबा. कळी सुटायला लागली की एफ ८, बाजूने, कारण देठ उंच आणि फूल इवलंसं. दोन्ही एका पट्ट्यात बसवायला गेलात तर चकती सोडून द्यावी लागेल. चकतीचा वेगळा फोटो वरून घ्या, सेन्सर जमिनीला समांतर ठेवून.